बोलेरोच्या मागं बार्बेक्यू शेगडी बसवायचीय: दारावर नको, चेसिसला धरा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. जुनी बोलेरो आहे, सहा-सात मित्र दीड-दोन महिन्यातनं एकदा बाहेर पडता, कोळशाची शेगडी आत घालून नेली की सगळी गाडी काळी होते आणि बसायची जागाही जाते, म्हणून मागच्या दारावरची स्टेपनी वर कॅरिअरवर टाकून तिथं घडीचं ग्रिल बसवायचं, गावातला फॅब्रिकेटर ५ एमएम प्लेटमध्ये १४ हजारात करून देतो म्हणतोय, तर करू का.

करा. पण दारावर नको आणि ५ एमएममध्ये तर अजिबात नको. का ते सांगतो, कारण कारण कळलं तर तुमचा फॅब्रिकेटरही हे नीट करू शकेल, यात अवघड असं काही नाही, फक्त विचार आधी करावा लागतो.

माझं साताऱ्यात फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. गेट, शेड, ट्रॉलीची बॉडी ही रोजची कामं. गेल्या आठ-नऊ वर्षांत जीप, बोलेरो, पिकअप अशा गाड्यांना पंधरा-वीस शेगड्या केल्या असतील. त्यातल्या पहिल्या दोन-तीन मी स्वतः चुकीच्या केल्या, त्यामुळं आता जे सांगतोय त्यातलं निम्मं त्या चुकांमधनंच आलंय.

बहुतेक जण येताना शेगडीचं डिझाइन घेऊन येतात, मोबाइलमध्ये फोटो असतो, झाकण असं पाहिजे, जाळी तशी पाहिजे. शेगडी हा यातला सगळ्यात सोपा भाग आहे. खरा प्रश्न असा असतो की वीस किलोचं लोखंड गाडीच्या मागं लटकवून खड्ड्यातनं पन्नास-शंभर किलोमीटर न्यायचं आणि मग त्यात विस्तव पेटवायचा, तेही जिथं बंपर प्लास्टिकचा, लाइट प्लास्टिकचा आणि टायर रबराचा आहे तिथं. ही दोन वेगळी कामं आहेत. नेण्याचं काम गाडीचं. पेटवताना मात्र शेगडी गाडीपासनं जेवढी लांब जाईल तेवढी चांगली. हे डोक्यात बसलं की बाकीचं आपोआप सुचत जातं.

आता दाराचं. बोलेरोचं मागचं दार आडवं उघडतं, सगळा भार बिजागऱ्यांवर. स्टेपनीचं वजन कंपनीनं धरलेलं असतं, पण स्टेपनी दाराला चिकटून बसते. शेगडी तशी बसत नाही, ती बाहेर येते. बिजागरीला नुसतं वजन कळत नाही, वजन किती लांब टांगलंय ते कळतं. वीस किलो वजन अर्ध्या मीटरवर धरलं की १० किलो-मीटरचा पीळ झाला, आणि खराब रस्त्यावर गाडी आपटते तेव्हा तोच पीळ क्षणभर दुप्पट-तिप्पट होतो, मी डिझाइन करताना तिप्पटच धरतो. जुन्या गाडीत दार आधीच थोडं खाली बसलेलं असतं, बंद करताना उचलून लावावं लागतं. माझी पहिली शेगडी अशीच एका जीपच्या दारावर होती. चार महिन्यांनी दाराच्या पत्र्याला बिजागरीपाशी केसासारखी चीर गेली, नशीब की धुताना दिसली. मी ते काम स्वखर्चानं काढून दिलं आणि तेव्हापासनं दारावर काही बसवत नाही. शिवाय दारावरच पेटवणार असाल तर काच, रबराचं बिडिंग आणि आतलं अस्तर सगळं आगीपासनं वीतभर अंतरावर आलं.

बोलेरोचा फायदा असा की तिला खाली चेसिस आहे, म्हणजे बॉडीच्या खालचा वेगळा लोखंडी सांगाडा, लांब दोन रेल. मोनोकॉक गाडी, म्हणजे बॉडी आणि सांगाडा एकच असलेली, असती तर मी वेगळं उत्तर दिलं असतं, तिथं टो बारसाठी, म्हणजे मागं ट्रॉली ओढायच्या दांड्यासाठी, कंपनीनं जागा दिली असेल तरच, नाहीतर शेगडी आत घालून न्यायची आणि खाली उतरवून वापरायची हेच बरं. तुमच्या गाडीत दोन्ही रेलना धरणारा एक आडवा पाइप बोल्टनं बसवा. बोल्ट शक्यतो मागच्या हुकाची किंवा बंपर ब्रॅकेटची जी भोकं आधीच आहेत त्यातच. नवीन भोक पाडायचीच वेळ आली तर रेलच्या उभ्या बाजूला, मधोमध. वरच्या किंवा खालच्या आडव्या काठाला कधीच नको, कारण रेल वाकते तेव्हा सगळ्यात जास्त ताण त्या काठांवर असतो. आणि चेसिसला वेल्डिंग करू देऊ नका. कुणी कितीही सांगितलं तरी नको. वेल्डच्या शेजारचं लोखंड कडक होतं आणि वर्षा-दोन वर्षांनी चीर तिथनंच सुरू होते.

त्या आडव्या पाइपला मध्ये एक सॉकेट. ६० बाय ६० चा, ४ एमएम जाडीचा चौकोनी पाइप घेतला की आतनं ५२ मिळतो, त्यात ५० बाय ५० चा पाइप जातो. एक बारीक गोष्ट, पाइपच्या आतनं वेल्डची शिवण असते, ती कानशीनं घासून काढल्याशिवाय आतला पाइप सरळ जात नाही, आणि पोरं मग हातोडीनं ठोकून घालतात, तो पुन्हा निघत नाही. आरपार १६ एमएमची पिन आणि ती निसटू नये म्हणून तिला आर क्लिप. आता हा २ एमएमचा ढिलेपणा कमी वाटतो, पण आतला पाइप सॉकेटमध्ये २०० एमएमच गेला असेल आणि शेगडीचं टोक १२०० एमएमवर असेल तर टोकाला तेच १२ एमएम लटकतं, आणि चालत्या गाडीत ते खडखडतं आणि पिनचं भोक अंडाकृती करतं. म्हणून सॉकेटच्या कोपऱ्यात एक नट वेल्ड करून त्यातनं १२ एमएमचा बोल्ट आत दाबायचा. दोन मिनिटांचं काम आहे, पण मी बघितलेल्या दहातल्या आठ शेगड्यांना ते नसतंच.

सॉकेटमध्ये जाणाऱ्या पाइपला आडवा दांडा, त्याच्या डाव्या टोकाला उभी पिन, आणि त्या पिनवर फिरणारा हात. हात कशासाठी, तर तो मिटला की शेगडी दाराच्या मागं येते आणि फिरवला की दार मोकळं होतं. डावीकडंच का, तर आपण रस्त्याच्या डाव्या कडेला गाडी लावतो. हात डावीकडं गेला की माणसं पण रस्त्यापासनं लांब, डावीकडंच उभी राहतात. उजवीकडं केलं तर हातात चिमटा घेऊन पाठमोरा उभा असलेला माणूस ट्रॅफिकच्या बाजूला येतो. पिन वरनं आणि खालनं अशी दोन प्लेटांमध्ये धरलेली असू द्या, एकाच बाजूनं धरलेली पिन वाकतेच. मिटल्यावर आणि उघडल्यावर दोन्हीकडं लॉकची भोकं पाहिजेत, १२ एमएमची पिन घालून. घाटात वळणावर हात आपोआप उघडला तर मागनं येणाऱ्या मोटरसायकलवाल्याचं काय होईल ते डोळ्यासमोर आणा, म्हणून मी दोन लॉक देतो, एक पिन आणि एक वेगळा रॅचेट पट्टा.

आणि आता मुख्य गोष्ट. हाताच्या टोकाला शेगडी कायमची बसवू नका, दोन खुंट्यांवर उचलून काढता येईल अशी बसवा, तिला स्वतःचे घडीचे चार पाय द्या. जागेवर पोचलात की दोघांनी उचलायची, गाडीपासनं आठ-दहा फुटांवर ठेवायची आणि तिथं पेटवायची. दक्षिण आफ्रिकेत ब्राय म्हणून कोळशावर मांस भाजायची मोठी पद्धत आहे, तिथले लोक स्टेपनीवर नुसती जाळी पट्ट्यानं बांधून नेतात, विस्तव जमिनीवरच करतात. आपल्यासाठी पण हाच विचार बरोबर आहे असं मला मनापासनं वाटतं. तुम्हाला हातावर ठेवूनच भाजायचं असेल तर हात पूर्ण फिरवल्यावर बॉडीपासनं किमान तीन फूट अंतर आलं पाहिजे आणि टोकाला जमिनीवर टेकणारा पाय पाहिजे, खाली १०० बाय १०० ची प्लेट लावून, नाहीतर मऊ मातीत रुततो. पण तेव्हा गाडीत कुणी बसू नये. चार माणसं आत बसली की पाटे, म्हणजे स्प्रिंगा, दबतात, चेसिस खाली येते, पाय मात्र जमिनीवर घट्ट, मग हात उलटा वाकतो. हे सांगूनही लोक विसरतात, पाऊस आला की पटकन आत जाऊन बसतात, म्हणून मी खाली उतरवायचीच शिफारस करतो.

शेगडीच्या जाडीवर येतो. ६०० बाय ३०० ची आणि १५० खोल पेटी धरा, सहा-सात माणसांना पुरते. तळ आणि चार बाजू मिळून पत्रा ०.४५ चौरस मीटर लागतो. ५ एमएममध्ये याचं वजन १७ ते १८ किलो होतं, २ एमएममध्ये ७ किलो. म्हणजे नुसत्या पेटीतच दहा किलोचा फरक, आणि ते दहा किलो अर्ध्या मीटरवर लटकणार आहेत. जाड प्लेट जास्त टिकते हे बरोबर आहे, पण पेटी जळते ती तळाला, जिथं निखारा टेकतो. म्हणून पेटी १४ गेजची, म्हणजे २ एमएम, आणि आत ३ एमएमचा सुटा ट्रे, जो खराब झाला की बदलायचा. ट्रे पेटीत गच्च बसवू नका. ६०० एमएमचं लोखंड ४०० अंशांनी तापलं की जवळजवळ ३ एमएम वाढतं, जागा नसेल तर ट्रे कमानीसारखा वर येतो आणि पेटीचे टाके तोडतो. चारी बाजूंनी ५ एमएम मोकळं ठेवा. ट्रेला भोकं पाडा आणि पेटीच्या खालच्या अंगाला सरकती झडप द्या, हवा खालनं आली की निखारा तुमच्या हातात राहतो.

सगळं धरून, म्हणजे पेटी, ट्रे, १८ गेजचं झाकण, जाळी आणि पाय, वीस-एकवीस किलोत बसलं पाहिजे. पंचवीसच्या वर गेलं तर कुठंतरी उगाच लोखंड घातलंय. फॅब्रिकेटरला बिलावर वजन लिहायला सांगा, मग १४ हजार जास्त की कमी ते तुम्हालाच कळेल, कारण लोखंडाचा भाव वरखाली होत असतो आणि खरी किंमत मजुरीची असते.

जाळीला ६ एमएमचे एसएस ३०४ चे, म्हणजे स्टेनलेस स्टीलचे बार, २० एमएमच्या अंतरानं. मधे १४ एमएमची फट राहते, पनीर खाली पडत नाही. बाकी शेगडी एमएस, म्हणजे साध्या लोखंडाची चालते, पण अन्न जिथं टेकतं तिथं पैसे वाचवू नका. जाळीसाठी आत दोन उंचीवर खाचा द्या, निखाऱ्यापासनं साधारण १२ सेंटिमीटर आणि ७ सेंटिमीटर. चिकन वरच्या खाचेवर, नाहीतर बाहेरनं काळं आणि आतनं कच्चं. चिकनच्या आतलं तापमान ७४ अंश झालं पाहिजे, सुईचा छोटा थर्मामीटर मिळतो, तो घ्याच. कणीस आणि पनीर खालच्या खाचेवर चालतं.

जीआय पत्रा किंवा जीआय पाइप शेगडीत कुठंही नको. चकचकीत दिसतो, गंजत नाही, म्हणून फॅब्रिकेटर प्रेमानं सुचवतो. त्यावर जस्ताचा थर असतो, जस्त ४२० अंशांच्या आसपास वितळतं आणि पेटलेला कोळसा ७०० च्या पुढं सहज जातो. जीआय वेल्ड केल्यावर रात्री हुडहुडी भरून ताप येतो हे आमच्या धंद्यात सगळ्यांना माहीत आहे, मलाही आलाय, मग त्यावर जेवण कशाला भाजायचं. फ्रिजची जुनी जाळी पण नको, तिच्यावर कसला मुलामा आहे ते कळत नाही. आतल्या बाजूला रंग नको. बाहेरनं हीट रेझिस्टंट ॲल्युमिनियम पेंट मारा, पावडर कोटिंग टिकत नाही. शेगडीजवळ नायलॉक नट लावू नका, त्यातलं नायलॉन साधारण १२० अंशांपर्यंतच धरतं, नंतर नट ढिला पडतो. माझ्या दुसऱ्या शेगडीचा पाय असाच परतीच्या रस्त्यावर कुठंतरी पडून गेला. डबल नट किंवा पूर्ण लोखंडी लॉक नट वापरा. चेसिसकडच्या बोल्टना नायलॉक चालतो.

पहिल्यांदा वापरताना रिकामी शेगडी तासभर चांगली पेटवा. पत्र्यावरचं तेल आणि काळी पापडी जळून जाऊ दे. थोडी कोमट झाली की आतनं खायचं तेल पुसून घ्या, प्रत्येक वेळी वापरल्यावर पण. तुम्ही कोकणात जास्त जाता असं लिहिलंय, खाऱ्या हवेत हे केलं नाही तर एका पावसाळ्यात तळ खवले धरतो.

कोळसा लोणारीच घ्या, लाकडाचा. दगडी कोळसा खाण्याला नको. सहा-सात माणसांना दोन किलो पुरतो. पेटवल्यावर अर्धा-पाऊण तास थांबा, वर पांढरी राख आली की मग भाजायला घ्या, डिझेल-रॉकेल ओतून घाई करू नका. आपण हुरड्याला आगटी करतो ती जमिनीत असते म्हणून वाऱ्यापासनं वाचते, ही शेगडी कमरेच्या उंचीवर असते, सगळा वारा तिला लागतो. आमच्या चाळकेवाडीच्या पठारावर, जिथं पवनचक्क्या आहेत, तिथं मी ठिणग्या वीस फुटांवर उडताना बघितल्यात. म्हणून मागं आणि दोन्ही बाजूंना एक फूट उंचीचा घडीचा पत्रा द्या. गाडी वाऱ्याला आडवी लावा आणि शेगडी आडोशाच्या बाजूला ठेवा, म्हणजे धूर आणि ठिणगी गाडीपासनं लांब जाते. पण मग पुढं वाळलं गवत नाही ना ते बघा. दिवाळीनंतर सह्याद्रीतलं सगळं गवत पिवळं होतं, एक ठिणगी अख्खा डोंगर घेऊन जाते, आणि त्या गवतावर गावातली जनावरं उन्हाळा काढतात. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वनखात्याचा वणव्याचा हंगाम असतो. राखीव जंगलात आणि अभयारण्यात विस्तव करणं गुन्हा आहे, कोयना असो की दुसरं कुठलं. गडावर तर नकोच. शेत ओळखीच्याचं असेल, मालकाला विचारलं असेल, तिथं करा.

विझवणं हा सगळ्यात दुर्लक्षित भाग आहे आणि इथंच जीव जातो, म्हणून थोडं थांबून वाचा. झाकण लावलं म्हणजे कोळसा विझला असं नाही, तो आतनं कित्येक तास धगधगत राहतो. अर्धवट विझलेला कोळसा गाडीत घेतला आणि काचा बंद असल्या तर कार्बन मोनॉक्साइड होतो, त्याला वास नाही, रंग नाही, माणसाला झोप येतेय असं वाटतं आणि तो उठत नाही. थंडीत शेगडी आत घेऊन झोपण्याचा विचार मित्रांपैकी कुणी बोलला तरी थेट नाही म्हणा. आणि विस्तव असलेली शेगडी मागं लटकवून गाडी चालवली तर वारा भात्याचं काम करतो, विझत आलेला निखारा लाल होतो आणि मागं ठिणग्यांची रांग लागते. त्यामुळं सोबत लोखंडी बादली आणि वीस लिटर पाणी ठेवा. निखारे बादलीत ओतून बुडवा, हात घालून बघता येईल इतके गार झाल्यावरच टाका. तापलेल्या ट्रेवर थेट पाणी ओतू नका, तो वाकतो. शेगडी हाताला गार लागल्याशिवाय खुंट्यांवर चढवायची नाही. म्हणजे निघायच्या आधी तासभर भाजणं बंद, हे सगळ्यांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर घाई होते.

गॅसचं विचारलंय. ५ किलोचा छोटा सिलिंडर आणि बर्नर असं करता येतं आणि विझवायची कटकट संपते हे खरं. पण एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळाला तर खाली साचतो, गाडीच्या आत तर जास्तच. सिलिंडर उभाच न्यावा लागतो, बांधून. आणि सिलिंडर बाहेर मागं लटकवणं मी कुणालाच करून देत नाही, कारण मागनं धडक बसली तर पहिला तोच. तुमच्या सहा-सात जणांना कोळसाच बरा.

कायद्याचं पण बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणं गाडीच्या मूळ रचनेत परस्पर बदल करता येत नाहीत. म्हणून सगळं बोल्टचं आणि काढता येणारं ठेवा, ट्रिप नसेल तेव्हा हात आणि शेगडी घरी. नंबर प्लेट, ब्रेक लाइट आणि इंडिकेटर कुठल्याही बाजूनं झाकता कामा नयेत, बोलेरोत हे जरा जुळवावं लागतं, म्हणून वेल्ड करायच्या आधी पुठ्ठ्याची पेटी त्याच मापाची करून गाडीला बांधून मागनं दहा पावलांवरनं बघा. शेगडीच्या मागच्या कडेला लाल रिफ्लेक्टर पट्टी लावा. विम्याच्या एजंटला पण एकदा विचारून घ्या.

तयार झाल्यावर लगेच लांबच्या ट्रिपला नेऊ नका. शेगडीत दहा किलो वाळूची पोती घालून गावच्या खराब रस्त्यावर वीस-पंचवीस किलोमीटर फिरवून आणा, मग प्रत्येक वेल्डवर रॉकेल लावून, कोरडं पुसून, खडू घासून बघा, चीर असेल तर खडूत काळी रेघ दिसते. सगळे बोल्ट पान्यानं पुन्हा आवळा. आणि फॅब्रिकेटरकडं जायच्या आधी गाडीखाली वाकून तीन मापं घ्या, दोन्ही रेलमधलं अंतर, रेलवरच्या रिकाम्या भोकांची साइज, आणि रेल जमिनीपासनं किती उंच आहे ते. सायलेन्सरचं तोंड आणि डिझेल टाकी कुठल्या बाजूला आहे त्याचाही फोटो काढा. ही मापं इथं टाकलीत तर आडव्या पाइपचं आणि ब्रॅकेटचं साधं ड्रॉइंग मी काढून देतो, तेच त्याला दाखवा.